मोरी

हेमलॉक टाउनशिपची लोकसंख्या सहाशे बारा,
कुत्री धरली तर हजाराच्या घरात.
तिथे अठ्ठावीस वर्षं मी सभांची इतिवृत्तं लिहिली.
त्यातली चोवीस रूबेन मॅकेला सुपरवायझर होता.
महिना नव्वद डॉलर. पेट्रोल पदरचं.

पहिली निवडणूक तो चार मतांनी जिंकला.
भाषण म्हणून एवढंच बोलला :
"जुन्या खाणीच्या रस्त्यावरची मोरी तुंबलीय.
उद्या सकाळी जमेल त्यांनी फावडं घेऊन या."
तिघे आले. एकाकडे फावडं नव्हतं.

दिवसा तो शाळेच्या बस दुरुस्त करायचा.
सभेला यायचा नखांत ग्रीस घेऊन,
टेबलावर आधी वर्तमानपत्र पसरायचा, मग हात ठेवायचा.
त्या वर्तमानपत्रांत राष्ट्राध्यक्ष बदलत गेले,
युद्धं सुरू झाली, संपली,
निदान संपली असं छापून आलं.
आमच्या विषयपत्रिकेवर दीड वर्षं एकच प्रश्न :
दफनभूमीचं कुंपण लाकडी की लोखंडी.

एल्मी, त्याची बायको, सुरुवातीला मागच्या बाकावर
मोजे विणत बसायची.
मग घरीच विणू लागली.
मग विणेनाशी झाली.
रात्री अकराला फोन वाजायचे :
शेजाऱ्याचा कोंबडा, वाढलेला कर, रस्त्यात मेलेलं हरीण.
"लष्कराच्या भाकऱ्या,"
किराणा दुकानात ती मला एकदा म्हणाली,
"आणि पीठ माझ्या डब्यातलं."
मुलगी डुलुथला गेली, ती नाताळपुरती उरली.

त्याचा एक नियम होता, कुठेही न लिहिलेला :
बर्फ काढणारी गाडी
त्याच्या रस्त्यावर सगळ्यात शेवटी.
"लोक बघतात," म्हणायचा.
खरं तर लोक बघत नव्हते.
लोक झोपलेले असायचे.

अकराव्या वर्षी, जानेवारीत,
पहाटे चारला एल्मीच्या छातीत दुखलं.
रुग्णवाहिका वळणावर रुतली.
तो घराच्या पायरीपासून बर्फ खणत निघाला,
ते चाकांपासून खणत निघाले.
मधे दोनशे पावलं उरली होती
आणि उजाडलं.

फेब्रुवारीच्या सभेत ठराव आला :
यापुढे गाडीची सुरुवात मॅकेलांच्या रस्त्यापासून व्हावी.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
हीटर टकटकत होता.
बाजूनं चार हात वर गेले.
विरोधात एक,
नखांत ग्रीस असलेला.

मी लिहिलं : मतदानाच्या वेळी सुपरवायझर बाहेर गेले होते.
अठ्ठावीस वर्षांतलं माझं हे एकच खोटं.
मार्चमध्ये त्यानं ते वाचलं,
चष्मा पुसला,
पुन्हा वाचलं,
आणि खाली सही केली.
त्यात जास्त खोटं कुणाचं, माझं की त्याचं,
हे मी अजून ठरवलेलं नाही.

नंतर आणखी तीनदा निवडून आला.
दोनदा तर समोर कुणी उभंच नव्हतं.
संध्याकाळी ऑफिसातच डब्यातलं सूप गरम करायचा,
दिवा उशिरापर्यंत जळायचा,
आणि लोक म्हणायचे, किती काम करतो.

शेवटी हरला. एकोणीस मतांनी.
तळ्याकाठची घरं विकणारी कर्स्टन प्लमर.
चांगली आहे बाई, ई-मेलला उत्तर देते.
त्यानं तिला किल्ल्या दिल्या आणि कॉफीचा एक गंजका डबा,
आत कागद : एकेचाळीस मोऱ्या,
कुठली कोणत्या आठवड्यात तुंबते.
तिनं तो डबा मला दिला. कपाटात आहे.

गेल्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना,
खाणीच्या रस्त्यानं येत होते.
गुडघाभर पाण्यात म्हातारा, हातात फावडं.
गाडी थांबवली, काच खाली केली.
म्हटलं, "रूबेन, हे आता काउंटीचं काम आहे."
म्हणाला, "माहितीय."
थोड्या वेळानं, वर न बघता :
"गाडीत फावडं आहे का?"

नव्हतं.
काचेवरचा बर्फ खरवडायची प्लास्टिकची पट्टी होती.
ती घेऊन उतरले.